एक जूनच्या आत

मोईन सर दुसऱ्याच्या प्रमाणपत्राला हात लावण्याआधी हात धुवायचे. साबणाने, मनगटापर्यंत. मग रुमालाने एकेक बोट कोरडं करायचे आणि मगच समोरच्याला म्हणायचे, "द्या." पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, नमाजाची तयारी चालली असेल. नमाज ते वेळेवर पढायचेच, पण हे हात धुणं कागदासाठी होतं.

"लोकांची वीस-वीस वर्षं असतात या कागदात," ते म्हणाले. "समोसा खाल्लेल्या हातानं धरू का मी?"

मी तेव्हा लातूरला एका कोचिंग क्लासचं कार्यालय सांभाळत होते. काम सगळं याद्यांचं. कुठल्या तुकडीला कुठली खोली, कोण कुठल्या वसतिगृहात, कुणाची चाचणी बुडाली. घरीसुद्धा माझ्या फ्रिजवर तीन याद्या लावलेल्या असतात, आणि त्याबद्दल माझे यजमान जे बोलतात ते मी इथे लिहीत नाही. सांगायचं एवढंच, की नीटनेटकेपणात मला कुणी हरवेल असं मला वाटत नव्हतं. सर क्लासमध्ये आले आणि महिन्याभरात माझा तो समज गेला.

ते नांदेडचे. जुन्या शहरात त्यांच्या घराण्याचं पिढ्यान्‌पिढ्या शिवणकाम. हे एकटेच शिकले आणि तिथल्या एका शाळेत इंग्रजीचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले. आमच्या संचालकांनी त्यांना आठवड्यातून तीन दिवस लातूरला बोलावलं. पण डॉक्टर-इंजिनिअर व्हायला आलेल्या पोरांना इंग्रजीशी काय घेणंदेणं? त्या विषयाचे गुण प्रवेशाला धरतच नव्हते. दिवाळीपर्यंत सरांच्या तासाला चार मुलं उरली, त्यातली दोन पंख्याखाली झोपायला येत. संचालकांनी सरांना मागची खोली दिली. जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे ठेवायची खोली ती. सरांनी गठ्ठे वर्षांप्रमाणे लावले, खिडकी पुसली आणि म्हणाले, "उजेड चांगला आहे."

त्याच खोलीत त्यांचा एक जुना विद्यार्थी ऑस्ट्रेलियाचा फॉर्म घेऊन आला. तिथे कायमचं राहायला जायचं तर गुण लागत. वयाचे गुण, शिक्षणाचे, इंग्रजीचे, कामाच्या अनुभवाचे, नवरा-बायकोतल्या दुसऱ्याच्या शिक्षणाचेही. बेरीज ठरलेल्या आकड्याच्या वर गेली तर दार उघडणार, एका गुणानेही खाली राहिली तर नाही. लातूरला ही पद्धत कुणाला समजावून सांगावी लागली नाही. गुणांवर जगणारं गाव ते. पण फॉर्म वाचता येणारं माणूस मात्र गावात नव्हतं. तो मुलगा गेला, मग त्याचा मेहुणा आला, मग मेहुण्याचा मित्र. वर्षभरात मागच्या खोलीबाहेर माझ्या कार्यालयातल्या खुर्च्या जाऊ लागल्या.

सरांची फॉर्म वाचायची रीत ठरलेली होती. पहिलं वाचन उभ्याने. दुसरं बसून, हातात पेन्सिल. आणि तळटिपा सगळ्यात आधी. "वरती मोठ्या अक्षरात लिहिलंय ते सगळेच वाचतात," ते म्हणायचे. "माणूस अडकतो तो खाली." नियम बदलला की ते नवा कागद जुन्या कागदावर ठेवून दोन्ही खिडकीच्या काचेला लावायचे आणि ओळीला ओळ पडताळायचे. शिंप्याच्या घरातला माणूस कापडावर मापाचा कागद ठेवतो तसे. मी त्यांच्या मागे उभी राहून हे पाहिलं आहे, आणि चहा गार होऊ दिला आहे.

नांदेडकडच्या छोट्याशा भोकरचा एक सिव्हिल इंजिनिअर आला होता. त्याची बेरीज थोडी कमी पडत होती. म्हणाला, "सर, एक एजंट मला म्हणून राहिला, की दोन वर्षांचा अनुभव जोडून देतो. लेटरहेड-बिटरहेड सगळं हाय त्याच्याकडं." आणि ते पत्र त्याने पुढे केलंच. सरांनी ते धरलं, एकदा वाचलं, परत दिलं, आणि त्या दिवशी त्यांनी नंतर उठून हात धुतले. परत येऊन बसले ते जणू मध्ये काही घडलंच नव्हतं.

"इंग्रजीची परीक्षा पुन्हा द्या. तिथले गुण आपल्या हातात आहेत. आणि हे बघा, तळटीप. मोठ्या शहराबाहेर राहायला तयार असाल तर वेगळी वाट आहे."

"गावात? सर, मी सिडनीचं ठरवून राहिलो होतो."

"तीस वर्षं भोकरात काढलीत ना भाई?"

"हाव."

"मग तिथल्या भोकरात राहा."

"तिथं भोकर असतंय का सर?"

"हर मुल्कात असतं. सापडायला वेळ लागतो एवढंच."

तो गेला तिथल्या भोकरात. सर त्याची आठवण निघाली की हसायचे. पण सरांचं खरं मोठेपण मला कळलं ते सुनंदाच्या फाईलमध्ये. ती फाईल मी पहिल्या कागदापासून शेवटच्यापर्यंत माझ्या डोळ्यांनी पाहिली.

खरं तर फाईल तिची नव्हतीच. तिचा नवरा दत्ता घेऊन आला होता. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा, एका कारखान्यात नोकरी, तोंड भरून बोलणारा. सुनंदा दाराशी खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. सरांनी दत्ताचे कागद पाहिले, पेन्सिलीने बेरीज केली, पुन्हा केली.

"नाही बसत."

"इंग्रजी वाढवतो की सर. लई अभ्यास करतो."

"पूर्ण गुण धरूनच बेरीज केलीय मी." मग त्यांनी दाराकडे पाहिलं. "ताई, तुम्ही काय करता?"

"काही न्हाई," सुनंदा म्हणाली. "दवाखान्यात असते."

हे 'काही नाही' आमच्याकडे प्रत्येक बाई म्हणते, आणि बरेच पुरुषही. शेत पाहतो, पण काही करत नाही. शिवण करते, पण घरीच असते. सरांना या दोन शब्दांचा मनापासून राग होता. ते अशा माणसाला पुढचा प्रश्न विचारतच नसत. ते म्हणायचे, "काल सकाळी उठल्यापासून सांगा. काही गाळू नका."

सुनंदाने सांगितलं. आधी चाचरत, मग सुरळीत. ड्युटीवर गेल्यावर रात्रपाळीकडून कोणते रुग्ण कसे आहेत हे समजून घेते, सलाईन, इंजेक्शनं, ऑपरेशनची तयारी, बाळंतिणींची तपासणी, नव्या मुलींना शिकवणं, औषधांचं रजिस्टर. सर लिहीत होते. दोन पानं भरली. तिने नर्सिंगचा पूर्ण कोर्स केला होता. आधी काही वर्षं एका धर्मादाय दवाखान्यात आणि नंतर लातूरच्या एका खाजगी रुग्णालयात सलग काम केलं होतं. आणि ऑस्ट्रेलियात परिचारिका हव्याच होत्या, तिथल्या गरजेच्या कामांच्या यादीत तिचं काम नावासकट होतं.

सरांनी दत्ताचा फॉर्म उलटा केला आणि मागे नवी बेरीज मांडली. अर्जदार सुनंदा. दत्ता तिचा नवरा म्हणून, त्याच्या डिप्लोम्याचे गुण वेगळे. कागद त्याच्याकडे सरकवला.

दत्ताने पाहिलं. कान लाल झाले. "म्हंजी मी हिच्या मागं जायचं? गावात काय म्हणतील सर लोक? बायकोच्या पदराला धरून गेला म्हणतील."

"म्हणतील," सर म्हणाले. "तुम्हाला ऐकू येणार नाही. फार लांब आहे ते."

सुनंदाला हसू आलं, तिने पिशवीत तोंड घातलं. दत्ताने बेरीज बोटाने पुन्हा मोजली. मग म्हणाला, "लिवा सर. हिचंच लिवा."

पण बेरीज बसली ती अगदी काठावर, आणि तिला मुदत होती. वयाची पस्तीस वर्षं पूर्ण झाली की पाच गुण जात. सुनंदाच्या सगळ्या कागदांवर जन्मतारीख एक जून. म्हणजे अर्ज मे संपायच्या आत दाखल व्हायला हवा, नाही तर दोघांचं जाणं कायमचं गेलं. आणि तेव्हा दिवाळी नुकतीच झाली होती.

मराठवाड्यात अर्ध्या वर्गाचा वाढदिवस एक जूनला असतो. पोराचं वय शाळेत घालण्याएवढं भरलेलं नसलं की गुरुजी एक जून लिहून मोकळे व्हायचे. सुनंदा म्हणाली, "माझी आई सांगायची, दिवाळीनंतर ज्वारी पोटऱ्यात आली होती तवा झाले मी. म्हंजी खरं धरलं तर मला जूननंतर अजून सहा महिने हायत की सर."

मी लगेच म्हणाले, "मग प्रतिज्ञापत्र करून तारीख बदलून घेऊ." मी यादीत लिहूनही टाकलं.

सरांनी विचारलं, "आई आहेत?"

"न्हाई. भूकंपात गेली. घर, गाव, ग्रामपंचायतीचं दप्तर, समदंच गेलं."

सरांनी पेन्सिल खाली ठेवली. मग हळू आवाजात, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "बेटा, दोन्ही तारखा खऱ्या आहेत. एक आईची, एक कागदाची. आईची तुमच्याजवळ ठेवा, तिला कचेरीत नेऊ नका. एक तारीख बदलली की दहावी, नर्सिंग, पासपोर्ट, सगळे कागद एकमेकांच्या विरोधात साक्ष देतील. आपण एक जूनच्या आत जाऊ."

मी माझ्या यादीतली ती ओळ खोडली.

पुढचे महिने कसे गेले ते नीट सांगायचं तर पान पुरणार नाही. इंग्रजीची परीक्षा जानेवारीत झाली. बोलणं, ऐकणं, वाचणं छान. लेखनात अर्धा गुण कमी, आणि परिचारिकांना चारही भागांत ठरलेला गुण लागायचाच. सुनंदा व्याकरणात चुकत नव्हती. चूक वेगळीच होती. निबंधात स्वतःचं मत लिहा म्हटलं की ती दोन्ही बाजू मांडून थांबायची.

"शहरातलं राहणं बरं की गावातलं? तुम्हाला काय वाटतं?" सर विचारायचे.

"दोन्ही चांगलंच हाय की."

"तुम्हाला काय वाटतं?"

"सर म्हणतील तसं."

"हेच लिहा परीक्षेत. शून्य देतील आणि वर सलाम करतील."

मग सरांनी लातूरला येतील त्या प्रत्येक दिवशी तिच्याशी भांडायला सुरुवात केली. मुद्दाम. म्हणायचे, नर्सचं काम म्हणजे काय, डॉक्टर सांगेल ते आणून देणं. म्हणायचे, मुलींना एवढं शिकवून उपयोग काय. मी भिंतीपलीकडे बसून ऐकत असे. पहिला आठवडा सुनंदा गप्प. दुसऱ्या आठवड्यात एकदा आवाज वाढला: "न्हाई सर! तुम्हाला काय माहीत हाय? डॉक्टर दिवसातून दोनदा येतात, मधल्या वेळात पेशंट मरतो का जगतो ते आम्ही बघतो!" पाठोपाठ सरांचा आवाज आला, लहान मुलासारखा खूश: "लिहा! हेच, एवढ्याच रागानं, इंग्रजीत!"

मार्चमधल्या परीक्षेत तिला लेखनात लागत होते त्याहून जास्त गुण मिळाले.

त्याआधी, फेब्रुवारीत, आम्ही बिलोलीला गेलो होतो. सुनंदाचा तो धर्मादाय दवाखाना भूकंपानंतरच्या नव्या वसाहतीत होता आणि तो केव्हाच बंद पडला होता. तो चालवणारे म्हातारे डॉक्टर बिलोलीला मुलाकडे राहत. माझं माहेर त्या बाजूचं, म्हणून सरांनी मला सोबत घेतलं. सुनंदाने डॉक्टरांकडून अनुभवाचं पत्र आधीच पोस्टाने मागवलं होतं आणि मी यादीत त्याच्यापुढे बरोबरची खूणही केली होती. सरांनी ते पत्र वाचून माझी खूण खोडरबरने पुसली होती. "पत्र आलंय, बाई. काम आलेलं नाही."

पत्रात लिहिलं होतं, की कुमारी सुनंदा ही अत्यंत सुस्वभावी, कष्टाळू व चांगल्या घरातील मुलगी असून तिच्या उज्ज्वल भविष्यासाठी मी शुभेच्छा देतो. अशी पत्रं आपल्याकडे सगळेच देतात. मनापासून देतात. आणि त्यांना तिकडे एकही गुण मिळत नाही.

डॉक्टरांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं, आणि सरांचं म्हणणं ऐकून भडकले. "माझी सही चालत नाही? पन्नास वर्षं प्रॅक्टिस केली मी! त्या मुलीबद्दल यापेक्षा चांगलं कोण लिहील?"

"कुणीच नाही, डॉक्टरसाब," सर म्हणाले. "शादी जमवायची असती तर हे एकच पत्र पुरलं असतं."

डॉक्टर थांबले. मग त्यांचं पोट हलायला लागलं. ते हसत होते.

"ती सकाळी आली की पहिलं काय करायची?" सरांनी विचारलं आणि वही उघडली.

दोन तास डॉक्टर बोलत होते. सांगता सांगता त्यांचा आवाज बदलला. पत्र्याच्या खोलीत चाललेला तो दवाखाना, साप चावलेली माणसं, भूकंपात पाय गेलेला एक म्हातारा, ज्याची जखम ती रोज धुवायची. एक दिवस डॉक्टर तापाने पडले असताना तिने एकटीने केलेलं बाळंतपण. "अहो, हे मी विसरलोच होतो," ते म्हणाले. "हे लिहायला पाहिजे होतं मी." त्यांनी आत जाऊन ट्रंकेतून हजेरीपट उचलून आणला. महिन्यामागून महिने, सुनंदाची सही. सरांनी अंगणातल्या नळावर हात धुतले आणि मगच तो हजेरीपट घेतला. डॉक्टर हे पाहत राहिले. नंतर पत्राच्या प्रत्येक पानावर त्यांनी उभं राहून सही केली.

परतीच्या एसटीत मी सरांना विचारलं, "सर, तुमचे स्वतःचे गुण कधी मोजलेत का? ऐन उमेदीतले?"

ते खिडकीबाहेर पाहत होते. "नाही. मोजले असते तर जावं लागलं असतं."

एवढंच.

ऑस्ट्रेलियातून तिच्या नर्सिंगचं मूल्यांकन, म्हणजे शिक्षण आणि अनुभव मान्य असल्याचं पत्र, मेच्या मध्यावर आलं. अर्ज आम्ही मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, भर दुपारी, गांधी चौकाजवळच्या एका सायबर कॅफेत भरला. त्या दिवशी वीज दोनदा गेली. दत्ता कपाळाला हात लावून बसला होता, सुनंदा उभी होती. सर शांतपणे छापील प्रत हातात धरून प्रत्येक रकाना मोठ्याने वाचत होते आणि मी पडद्यावर बोट ठेवत होते. तीनदा वाचलं. तिसऱ्या वेळी मला कंटाळा आला आणि तेवढ्यात सर म्हणाले, "थांबा." दत्ताच्या वडिलांच्या नावात एक अक्षर पासपोर्टपेक्षा वेगळं पडलं होतं. मीच टाइप केलं होतं ते. सरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. फक्त पेन्सिलीने त्या अक्षराखाली रेघ मारली.

अर्ज गेला तेव्हा एक जूनला चार दिवस बाकी होते.

पुढचा पावसाळा उलटल्यावर मंजुरी आली. सुनंदा फोनवर मला नीट सांगू शकली नाही, रडत होती. मी सरांना नांदेडला फोन लावला. गुडघ्यांमुळे त्यांनी तेव्हा लातूरला येणं बंद केलं होतं. बातमी ऐकून म्हणाले, "व्हिसावरचं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळवायला सांगा."

इतकी माणसं त्यांनी पाठवली, पण निरोप द्यायला ते कधी कुठे गेले नव्हते. "माझं काम कागदापर्यंत," असं म्हणायचे. सुनंदाने मात्र त्यांना घरी जाऊन सांगितलं, "सर, माझ्याकडून स्टेशनावर कुणी न्हाई. तुम्ही यायचं." म्हणून ती दोघं लातूरहून आधी नांदेडला आली, आणि हैदराबादला विमान धरण्यासाठी तिथूनच रेल्वेने निघाली. मी सोबत होते.

सर सकाळी आमच्या आधीच फलाटावर उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी, हातात काठी, जी मी तोपर्यंत पाहिली नव्हती. कागदांबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. दत्ताला म्हणाले, "तिथं थंडी असते म्हणतात. ताईला सांभाळा." दत्ता म्हणाला, "ती मलाच सांभाळून राहिली सर, इतकी वर्षं." सुनंदा पाया पडायला वाकली तसे ते मागे सरकले, मग थांबले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात त्यांनी लवकर काढला नाही. गाडीने भोंगा दिला तेव्हा काढला.

गाडी सुटली. सुनंदा दारात उभी राहून हात हलवत होती. सर काठीवर दोन्ही हात ठेवून नुसते उभे होते. शेवटचा डबा पुढे सरकल्यावर मी पिशवी उचलली आणि जिन्याकडे वळले. चार पावलांनी लक्षात आलं की सर सोबत नाहीत.

ते उलट्या दिशेने चालले होते, गाडी गेली त्या बाजूला. "सर, जिना इकडं," मी हाक मारली. त्यांना ऐकू गेलं नाही, की त्यांनी ऐकलं नाही, मला माहीत नाही. दुखऱ्या गुडघ्यांनी, काठी टेकत, ते फलाट संपतो तिथपर्यंत गेले. तिथून पुढे उतार आहे आणि रूळ वळतात. गाडी केव्हाच दिसेनाशी झाली होती. सरांनी काठी डाव्या हातात घेतली, उजवा हात वर केला, आणि रिकाम्या रुळांकडे पाहत तो हळूहळू हलवत राहिले.